स्वरचक्र : कीर्तनातला र आधी येतो

ज्या कळफलकाबद्दल लिहितेय तो मी स्वतः रोज वापरत नाही, हे आधीच सांगून टाकते. वापरतात माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. वय ७६, शिक्षण सातवी, कराडातल्या आमच्या पेठेच्या भजनी मंडळाच्या खजिनदार. मी शेजारी बसून दोन महिने बघितलं, मधूनमधून नको तिथे तोंड घातलं, आणि १९९८ पासून डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या, धंद्यात असूनही जे कधी ध्यानात आलं नव्हतं असं काही त्या दोन महिन्यांत आलं. म्हणून लिहायला घेतलं.

स्वरचक्र हा अँड्रॉइड फोनवरचा मराठी कळफलक. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात तयार झालेला, फुकट. हिंदी, गुजराती, कन्नड अशा इतर भाषांसाठीही तो आहे. माझ्या जुन्या फोनवर मी कधीतरी उत्सुकतेपोटी टाकून ठेवला होता. नवा फोन घेतल्यावर जुना आईंकडे गेला, त्याच्याबरोबर हाही गेला.

पडद्यावर अक्षरं पाटीवर शिकलो त्याच ओळींनी मांडलेली आहेत. क ख ग घ ङ, मग च छ ज झ ञ, तसंच पुढे. क वर बोट ठेवलं की बोटाभोवती एक चक्र उघडतं, त्यात का, कि, की, कु, कू, के असे क चे अवतार गोल बसलेले असतात. हवा त्याच्याकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. नुसता क हवा असेल तर सरकवायचं नाही. झालं. एवढंच.

सोबत पुस्तिका नव्हती. लागलीही नाही. एका ठिकाणी लागली असती, त्याबद्दल पुढे सांगते, कारण या सगळ्या लिहिण्याचं कारण तेच आहे.

पण आधी माझ्या पुस्तिकेबद्दल. आमच्या दुकानात एक पुस्तक आहे, निळ्या कव्हरचं, स्पायरल बायंडिंगचं, ४१२ पानी. १९९८ साली घेतलेल्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर ते आलं. बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, इतक्या वर्षांनी जुनी उणीदुणी कशाला. सॉफ्टवेअर मराठी लिहायचं आणि पुस्तक इंग्रजीत! माझं इंग्रजी बारावी कॉमर्सचं. 'ग्लिफ' हा शब्द मला पान ९ ला भेटला आणि त्याचा अर्थ (अक्षराचा छापायचा आकार) पान ७० च्या आसपास लागला. प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल लावायचा, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण असलेली छोटी डबी, तो जरा हलला की अर्ध्या पत्रिकेत सॉफ्टवेअर रुसून बसायचं. यावर पुस्तकात दीड पान होतं. मी त्यावर सुतळी बांधली होती. दीड पानात सुतळीचा उल्लेख नव्हता, पण उपाय तोच होता.

साधी अक्षरं कळांवर होती. त्यापलीकडचं सगळं ऑल्टचं बटन दाबून धरून चार आकडी नंबर मारून आणायचं. ट्ट चा एक नंबर, द्ध चा दुसरा, ह्य चा तिसरा, श्व चा आणखी वेगळा. हे तक्ते पान २३० पासून पुढे. मी त्यांच्या झेरॉक्स काढल्या, लॅमिनेट केल्या आणि मॉनिटरच्या डावीकडच्या भिंतीला लावल्या. नवी मुलगी कामाला लागली की पहिले पंधरा दिवस तिची मान डावीकडेच. मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी मला कळायचं, मान वळली म्हणजे जोडाक्षर आलं.

रफार तर तीन होते. एक नुसता, एक अनुस्वारासकट, एक दुसऱ्या वेलांटीत मिसळलेला. चुकीचा घेतला तर पडद्यावर ठीक दिसायचा आणि छपाईसाठी काढलेल्या ट्रेसिंग पेपरवर गायब. एका लग्नसराईत असाच एक रफार उडाला आणि ५०० पत्रिका 'शुभाशीवाद' घेऊन छापून आल्या. प्रूफ मुलीच्या काकांनी वाचलं होतं, सही त्यांची होती, तरी पुन्हा छापायचे पैसे माझ्याच खिशातून गेले, कारण लग्नघराशी भांडायचं नसतं. रात्री घरी येऊन पुस्तक चाळलं तर पान १८७ वर, अगदी खाली, बारीक टायपात लिहिलेलं होतं : हा रफार या या अक्षरांवर वापरू नये. वर 'नोट' असा मथळा.

त्या रात्री रागाच्या भरात मी पुस्तकातल्या सगळ्या नोटा मोजल्या. ६३ निघाल्या. नोटांचंही एक बघितलं : प्रत्येक नोट म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने एका जागी हात टेकलेले आणि ते काम माझ्या डोक्यावर ढकललेलं. तीन रफारांतला बरोबर कोणता ते मशीनला कळायला हवं होतं. मागचं अक्षर कोणतं, ते मशीनच्या समोरच होतं की. पण ते मशीनला शिकवण्यापेक्षा पुस्तकात एक ओळ घालणं स्वस्त पडलं असणार. ६३ वेळा स्वस्त पडलं.

पुस्तकाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्री साडेअकराला पत्रकाचं काम आलं. उमेदवार स्वतः समोर बसलेला, बरोबर सात-आठ जण, चहा दोनदा झालेला. मथळाच 'शेतकऱ्यांनो' असा. आणि तो ऱ्य काही केल्या येईना. र्य येत होता, म्हणजे 'शेतकर्यांनो', जे कोणत्याच शेतकऱ्याला चालणार नाही. ('आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांत जेवढा फरक, तेवढा. एकाच्या पाया पडायचं, दुसऱ्याला मिठाचं विचारायचं.) त्या वेळी फोन कुणाला करणार? पुस्तकाच्या मागे सूची होती, सूचीत र होता, मिनिटाभरात नंबर सापडला. वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी कागद चांगला. रोज चाळीसदा लागणाऱ्या गोष्टीसाठी कागद लागत असेल तर मात्र कुठेतरी चुकलंय.

हल्ली ते पुस्तक पावती पुस्तकांचे पॅड चिकटवायला वजन म्हणून वापरतो. गोंद लावून वर ठेवलं की रात्रीत कडा सरळ बसतात. कामाचं आहे.

आता थोडं माझ्या बोटांबद्दल, कारण त्याशिवाय आईंची गोष्ट कळणार नाही. मी टायपिंग शिकले १९९६ साली, गोदरेजच्या मराठी मशीनवर. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, मग ४० ची. त्या यंत्राला आपली बाराखडी माहीत नव्हती, कागदावर शाई डावीकडून उजवीकडे कशी पडते एवढंच माहीत होतं. शाळेत आपण म्हणतो, 'क ला पहिली वेलांटी कि'. मशीनवर वेलांटी आधी मारायची, मग क. कारण ती कागदावर डावीकडे असते. भ, ण, श हे अर्धेच उमटायचे, पुढे दंड मारून ते पुरे करायचे. आणि 'कीर्तन' लिहायचं तर क, दुसरी वेलांटी, त, मग मागे त च्या डोक्यावर रफार, मग न. मॅडम टेबलावर पट्टी आपटायच्या आणि आम्ही अक्षरांचे तुकडे पाडायचो. सहा महिन्यांत माझ्या बोटांना ते तुकडे इतके बसले की मला वाटायचं मराठी अशीच असते.

मग कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट आला. हा कळफलक केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ सालीच ठरवून ठेवलेला होता, आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. शिकवणाऱ्या सरांनी तक्त्याची एक झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाले, पाठ करा. मी पाठ करायला बसले, पाढे पाठ करतात तशी. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी बोटांना आपोआप जाणवलं की क आणि ख एकाच बटनावर आहेत. साधा क, शिफ्ट दाबून ख. त आणि थ एकाच बटनावर. प-फ, च-छ, ग-घ, द-ध, सगळ्या जोड्या तशाच. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे डावा-उजवा, डावा-उजवा असा हात चालतो, ढोलकीसारखा. आणि वेलांटी क नंतरच मारायची, तोंडाने म्हणतो तशी.

कुणीतरी डोकं लावून केलेली ही गोष्ट, आणि आम्हाला ती पाढ्यांसारखी पाठ करायला दिली! तक्ता देताना सरांनी एक वाक्य बोललं असतं, 'जोराचा उच्चार शिफ्टवर', तर माझे वीस दिवस वाचले असते. मी दुकानात आलेल्या प्रत्येक मुलीला हे वाक्य पहिल्या दिवशी सांगते. तक्ता देतच नाही. आठ दिवसांत हात बसतो.

तर आई. मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हापासून त्यांची पंचाईत झाली होती. खजिनदार म्हणजे वर्गणी कुणाची आली, तबल्याला शाई भरायला किती गेले, एकादशीला कोणाकडे भजन, हे सगळं कळवायचं. त्या सांगणार, मी टाइप करणार. आठवड्यातून तीनदा. तेही मी ट्रेसिंग काढायच्या गडबडीत असताना.

पहिल्यांदा मी त्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचा कळफलक लावून दिला, जो मुलं वापरतात. आईंना एबीसीडी येते, एसटीच्या पाट्यांपुरती. मी म्हटलं, आई, 'ज्ञानेश्वर' लिहू. आधी डी दाबा, मग एन, मग वाय. त्या थांबल्या. "अगं, ज्ञानेश्वरात डी कुठनं आला?" मी समजावायला लागले की आपण ज्ञ चा उच्चार द्न्य असा करतो, आणि बोलता बोलता गप्प झाले. ज्या बाईने आयुष्यभर रोज ज्ञानेश्वरी वाचली तिला मी ज्ञ चं इंग्रजी स्पेलिंग शिकवत होते, मराठी लिहिण्यासाठी. मुलांना हे सोपं वाटतं कारण ती इंग्रजी आधी शिकलेली असतात. सोपं म्हणजे दुसरं काय, जे आपण आधीच कुठेतरी शिकून ठेवलंय आणि शिकल्याचं विसरलोय ते. आईंनी ते शिकलंच नव्हतं, मग विसरणार काय.

मग बोलून लिहिण्याचा प्रयोग. हे उत्तम चालतं, मीही लांब मजकुरासाठी वापरते. आईंचा आवाज भजनाचा, खणखणीत, फोनला पहिल्याच दिवशी कळला. दोन दिवस खूश होत्या. तिसऱ्या दिवशी कपडे काढायला गच्चीवर गेले तर आई टाकीच्या आडोशाला उभ्या राहून फोनशी बोलत होत्या. मला बघून थांबल्या. विट्याच्या बहिणीला लिहायचं होतं, आणि ते मला ऐकू जायला नको होतं. काय होतं ते मी विचारलं नाही, पण मुद्दा पटला. लिहिण्याचा अर्धा उपयोग तर हाच की शेजारच्याला ऐकू जात नाही.

त्यानंतर स्वरचक्र. मी काहीच सांगितलं नाही, मुद्दाम. फोन हातात दिला आणि भाजी निवडायला बसले. आईंनी पडद्याकडे बघितलं, क वर बोट टेकवलं, चक्र उघडलं, आणि त्या चक्रावरून चष्म्याआडून नजर फिरवत हळू आवाजात म्हणत राहिल्या, शाळेतल्या चालीत : क, का, कि, की. बोट तसंच दाबलेलं. मग भीतीने उचललं आणि पडद्यावर 'क' आला. पुन्हा टेकवलं. मेथीची जुडी निवडून होईपर्यंत त्यांनी 'काकी' लिहिलं होतं, नंतर 'मामी', नंतर 'काका'. बाराखडीतली गोलगोल ओळखीची माणसं. पहिला खरा निरोप सहा शब्दांचा होता आणि त्याला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

एक गंमत झाली. कि आणि की चक्रात शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे दर वेळी निवडावं लागतं. आई बोट धरून विचारायच्या, "पहिली का दुसरी?" शब्द सुचवणाऱ्या कळफलकांवर हा प्रश्न पडत नाही, मशीन शब्द पुढे करतं, आपण घेतो. इथे वेलांटी आपल्या हातात. आठवड्याभरात त्यांनी मंडळाच्या छापील भजनपत्रिकेतल्या चार चुका काढल्या. पत्रिका मीच छापली होती.

जोडाक्षरांची मला धास्ती होती. भिंतीवरचे ते लॅमिनेट केलेले तक्ते डोळ्यांसमोर होते. मंडळाच्या निरोपात 'विठ्ठल' पहिल्याच दिवशी येणार. चक्रात एक 'ठ्' असतो, पाय मोडलेला. तो निवडला की सगळा कळफलक पालटतो आणि ठ शी जोडलेली अक्षरं बटनांवर दिसायला लागतात, म्हणजे दाबायच्या आधीच कळतं काय उमटणार. मी सांगायला तोंड उघडलं तोवर आई म्हणाल्या, "हा पाय मोडका ठ दिसतोय." आणि झालं. इंग्रजी पुस्तकात याला काय म्हणतात ते शोधायला मला ९८ साली एक दुपार लागली होती. इथे शाळामास्तरांनी साठेक वर्षांपूर्वी दिलेला शब्द उपयोगी पडला. ऑल्ट नाही, चार आकडे नाहीत.

आणि मग 'कीर्तन' आलं.

'की' झाला. 'त' झाला. आई त च्या चक्रात रफार शोधायला लागल्या. नाही. पुन्हा त दाबला, पुन्हा शोधला. मी बघत होते आणि या वेळी मुद्दाम गप्प नव्हते, मलाही क्षणभर सुचेना, कारण माझी बोटं अजून गोदरेजची. आम्ही दोघी एकाच खड्ड्यात पडलो होतो. दहा मिनिटं गेली. आईंनी 'कीतन' असंच पाठवायची तयारी केली. "कळतंय की सगळ्यांना."

चूक त्यांची नव्हती आणि कळफलकाचीही नव्हती. शाळेत शिकवतात 'त वर रफार'. हाताने लिहितानाही आपण आधी त काढतो आणि मग पेन मागे नेऊन वर रफार देतो. डोळ्याला र नंतर दिसतो. पण तोंडाला तो आधी लागतो. कीर्, तन. स्वरचक्र तोंडाच्या बाजूने बांधलेलं आहे, जसं इन्स्क्रिप्ट आहे. आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग बटनांवर 'र्त' दिसतो, तो घ्यायचा.

मी एवढंच म्हटलं, "आई, बोटाने नका लिहू, तोंडाने लिहा. म्हणून बघा, कीर्र."

"कीर्..." म्हणाल्या. बोट र कडे गेलं. पुढे 'वर्गणी', 'सर्व', 'दर्शन', 'मार्गशीर्ष', मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बिनपुस्तिकेच्या सॉफ्टवेअरची हल्ली इतकी कौतुकं होतात की जणू माणसाला काही सांगावंच लागू नये. सांगावं लागतं. कितीही विचार करून केलं तरी एखादी जागा अशी येतेच जिथे वापरणाऱ्याची दोन ओळखीची ज्ञानं एकमेकांना धडकतात. आईंच्या बाबतीत कान आणि डोळे धडकले. पण तिथे एक वाक्य लागलं. ४१२ पानं नाहीत. आणि ते वाक्य मशीनबद्दल नव्हतं, मराठीबद्दल होतं. माझ्या निळ्या पुस्तकातलं एकही वाक्य मराठीबद्दल नव्हतं.

आता कुणी वापरू नये ते. मी वापरणार नाही. १२० शब्दांची एक पत्रिका मी मुद्दाम दोन्हीकडे लिहून बघितली. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्टने चार मिनिटं, फोनवर चक्राने एकोणीस. यात कळफलकाचा दोष काढायचा नाही, दहा बोटांची सवय एका अंगठ्यात मावत नाही. ज्याला दिवसभर मराठी लिहून पोट भरायचंय त्याने आठ दिवस घालून इन्स्क्रिप्ट शिकावा. विंडोजमध्ये तो असतोच, विकत घ्यावा लागत नाही. पहिल्या दिवशी सोपं असणं आणि पाचव्या वर्षी वेगाने चालणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचं बिल दुसरीवर फाडू नये. ज्याला दिवसाला दोन-चार निरोप लिहायचेत आणि बाराखडी पक्की आहे, त्याने चक्रच घ्यावं. आईंचा सहा शब्दांचा निरोप आता दोन मिनिटांत जातो, त्यातही अर्धं मिनिट पहिली-दुसरीच्या विचारात.

माझा एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. आईंनी फोनवर लिहिलेला मजकूर मी तसाच उचलून कामाच्या फाइलमध्ये टाकू शकते, कारण तो युनिकोडमध्ये असतो. कोणत्याही फोनवर, कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसतो. माझ्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसरीकडे उघडली की इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो, कारण आत मराठी कधी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातले होते. माझ्याकडे अशा शेकडो फाइली पडून आहेत, आणि कन्व्हर्टरमधून काढल्या तरी ऱ्य तपासल्याशिवाय मी छापायला देत नाही. एकदा हात पोळलाय.

बसवण्याबद्दल एक सूचना. वेगळा कळफलक चालू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवतं, की हा कळफलक तुम्ही लिहिलेलं सगळं, अगदी पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाचे नंबरसुद्धा, गोळा करू शकतो. कोणताही बाहेरचा कळफलक टाकला तरी हेच वाक्य येतं, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला दरदरून घाम फुटतो. आईंना मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आपल्याकडे कार्ड कुठंय?" तरी माझं सांगणं असं, बँकेचं काम फोनच्या मूळ कळफलकावरच करावं. आणि हे सेटिंगमधलं काम घरातल्या जाणत्याने एकदा करून द्यावं. कळफलकाला पुस्तिका लागत नाही, सेटिंगला लागते, ही खरी शोकांतिका आहे, पण ती वेगळ्या लेखाची.

गुण द्यायचेच तर आईंकडून दहापैकी नऊ. एक कशाचा कापला विचारलं तर म्हणाल्या, पैकीच्या पैकी कधी देऊ नयेत, पोरं बिघडतात.

गेल्या महिन्यात कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. पहिली : 'पाय मोडका चक्रात आहे.' दुसरी : 'कीर्तनातला र आधी येतो.' एकादशीला भजन झाल्यावर फोन आणि पान दोन्ही मंडळात नेलं. त्या पानाचा फोटो आता सात जणींच्या फोनमध्ये आहे. परवा तो फिरत फिरत माझ्याकडे आला तेव्हा खाली वेगळ्या अक्षरात तिसरी ओळ होती : 'आधी चष्मा लावा.'